न विकायचा डायनासोर

दोन महिन्यांपूर्वी आमच्या गटाच्या बैठकीला मी एक खोका घेऊन गेले होते. खोक्यात जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला वीतभर लांबीचा एक प्राणी होता. पॉलिमर क्लेचा, मी स्वतः बनवलेला. चार पाय, उंच उचललेली मान, दोनदा तुटून दोनदा चिकटवलेली शेपटी. बैठक संपल्यावर चहाच्या वेळी तो टेबलावर ठेवला. सगळ्याजणी भोवती जमल्या, हातात घेऊन पाहिला, कौतुकही केलं. आणि मग प्रश्न सुरू झाले. "नातवासाठी का गं?" मला नातू नाही. "विकतेस का? केवढ्याला जाईल?" "बचत गटातल्या बायकांना शिकवता येईल का हे?" "बाजूला एक पिल्लू कर ना, आई आणि पिल्लू, किती गोड दिसेल!" शेवटी, जिचं बोट धरून मी चळवळीत आले त्या आमच्या ज्येष्ठ ताई चष्मा वर सरकवत शांतपणे म्हणाल्या, "छान आहे गं. पण याचा उपयोग काय?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येताना बसमध्ये मात्र राग येत राहिला. ताईंचा नाही, स्वतःचा. कारण हाच प्रश्न मी पंचवीस वर्षं इतर बायकांना विचारत आले आहे.

मैत्रिणींनो, आधी या प्राण्याबद्दल सांगते, कारण तो आपल्याच मुलखातला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ डोंगरगावची टेकडी आहे. तिथे १९८० च्या दशकात एका प्रचंड प्राण्याची हाडं सापडली. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. २००३ साली त्याला आजचं नाव मिळालं, आयसीसॉरस. 'आयसी' म्हणजे त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. दख्खनचा काळा खडक ज्या लाव्ह्यातून तयार झाला त्या उद्रेकांच्या आगेमागे, डायनासोरांच्या अगदी शेवटच्या काळात, हा झाडपाला खाणारा प्राणी विदर्भात हिंडत होता. इतर लांबमान्या डायनासोरांच्या मानाने याची मान आखूड आणि वर उचललेली, पुढचे पाय लांब. दंडाचं एकच हाड १४८ सेंटिमीटरचं. मी उभी राहिले तर ते माझ्या डोळ्यांच्याही वर जाईल.

मी चंद्रपूरला अनेकदा गेले आहे. आपल्यापैकी बहुतेकींना तो जिल्हा माहीत आहे तो मथुरेमुळे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला (देसाईगंज आता गडचिरोली जिल्ह्यात येतं). १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं आणि १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी त्या निकालाविरुद्ध खुलं पत्र लिहिलं. आपल्या चळवळीचा एक मोठा टप्पा तिथून सुरू झाला. पुढे दारूबंदीसाठी तिथल्या बायका रस्त्यावर आल्या, २०१५ साली बंदी आली, २०२१ साली उठली. त्या प्रत्येक वेळी मी वरोऱ्यावरून गेले असेन. बसच्या खिडकीतून टेकड्याही पाहिल्या असतील. पण त्या टेकड्यांत काय आहे, हे विचारावंसं कधी वाटलं नाही. आम्ही तिथे अन्यायासाठी जात होतो, दगडांसाठी नव्हे. त्यात चूक होती असं मी म्हणत नाही. पण एक अख्खा जिल्हा आपल्याला केवळ तिथल्या बायकांच्या दुःखापुरता माहीत असावा, हे आता जरा विचित्र वाटतं खरं.

माती घरात आली ती भाचीमुळे. तिने कुठलासा वर्ग लावला होता, तो सुटला आणि उरलेल्या चार वड्या ती माझ्या टेबलाच्या खणात टाकून गेली. पॉलिमर क्ले ही खरं तर माती नव्हेच. पीव्हीसी प्लॅस्टिकची पूड आणि तिला मऊ ठेवणारं द्रव्य यांचं ते मिश्रण. साधारण १३० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजलं की कडक होतं, कुंभाराची भट्टी लागत नाही. फिमो नावाची जी प्रसिद्ध माती आहे, तिच्या मागे जर्मनीतल्या बाहुल्या बनवणाऱ्या केट क्रूझ आणि त्यांची मुलगी या मायलेकी आहेत. मुलीचं लाडकं नाव फिफी, त्यातला 'फि' या नावात आला. हे वाचलं तेव्हा मला उगीचच बरं वाटलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी माती मळायची बाईने, घडे रंगवायचे बाईने, पण चाकाला मात्र तिने हात लावायचा नाही, अशी रीत. इथे चाकच नाही.

माझा पहिला प्राणी दहा मिनिटांत बसला. म्हणजे अक्षरशः बसला. पोट जड, पाय मऊ, भाजायच्या आधीच चारी पाय फाकून तो परातीत पसरला. मग कळलं की आत सांगाडा लागतो. तारेचा कणा, त्यावर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा दाबून बसवायचा आणि वरून मातीचा थर द्यायचा. दुसरा उभा राहिला, पण ओव्हनच्या बटणावर लिहिलेलं तापमान आणि आतलं तापमान यांत बराच फरक असतो हे मला ठाऊक नव्हतं. घरभर उग्र धूर झाला, खिडक्या उघडून सगळे गॅलरीत उभे. ही माती करपली की निघणारा धूर अपायकारक असतो, म्हणून शिकणारीने आत ठेवायचा छोटा तापमापक आधी घ्यावा आणि स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नये. मी आता एक जुना ओव्हन वेगळा ठेवला आहे. त्यावरूनही घरात दोन दिवस अबोला झाला, कारण तो "चांगला चालू" होता.

तिसऱ्याला मी हत्तीसारखी नखं काढली. मोठ्या प्राण्याचा पाय म्हणजे हत्तीचा, असं हातानेच ठरवून टाकलं होतं. नंतर वाचलं की या जातकुळीच्या प्राण्यांच्या पुढच्या पायांना बोटं अशी जवळजवळ उरलीच नव्हती, नखं तर नाहीतच. पुढचा पाय म्हणजे खांबासारखा, खाली घोड्याच्या नालाच्या आकाराचा. नखं खरवडून काढली. कातडीसाठी बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या. संत्र्याची साल दाबली की चांगला खरखरीतपणा येतो. मातीवर पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवून वरून विणायच्या सुईने रेघा ओढल्या, तर कडा बोथट होतात आणि सुरकुती खरी वाटते. करंजीचं कातणं मात्र कशालाच उपयोगी पडलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण भेटणारी प्रत्येक बाई म्हणते, "तुला काय कठीण, मोदकाच्या पाऱ्या करायची सवय हाताला!" अहो, नाही. मोदक मी तीस वर्षं केले, ते सासूबाईंसारखे व्हावेत म्हणून केले. कळ्या किती पडल्या ते मोजणारी माणसं शेजारी बसलेली असायची. इथे मला येत नाही, कोणी मोजत नाही, आणि चुकलं तर माती परत मळता येते. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट वाईट करते आहे आणि त्याबद्दल कोणाची माफी मागत नाही.

या प्राण्याची कवटी सापडलेली नाही. मागच्या पायांची हाडंही नाहीत. म्हणजे डोकं आणि मागचे पाय त्याच्या नातेवाईक प्राण्यांवरून अंदाजाने करायचे. हे मला आधी अवघड वाटलं, मग फार आवडलं. जिथे हाड आहे तिथे मोजून करायचं; माझ्या प्रमाणात ते १४८ सेंटिमीटरचं हाड जेमतेम दोन सेंटिमीटर होतं. जिथे हाड नाही तिथे आपण काय कल्पना केली, याची प्रामाणिक नोंद ठेवायची. मी वहीत लिहिते, डोकं माझं, खांदा त्याचा.

पिल्लाबद्दलही सांगून टाकते. नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, याच जातकुळीच्या प्राण्यांची ९२ घरटी आणि त्यांतली २५६ अंडी सापडल्याचा निबंध २०२३ साली प्रसिद्ध झाला. हर्षा धीमान त्याच्या पहिल्या लेखिका. घरटी एकमेकांना इतकी खेटून आहेत की एवढ्या मोठ्या आईला त्यांमधून वावरणंच शक्य नसावं. अंडी घालून ती निघून जात असावी, पिल्लं आपलं आपण पाहत असावीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बैठकीत हे सांगितल्यावर जो हशा झाला तो बघण्यासारखा होता. अर्थात निसर्गात असं असतं म्हणून माणसांत तसं असावं, हा युक्तिवाद आपणच इतकी वर्षं खोडत आलो आहोत, तेव्हा तो आपल्या सोयीने उलटा वापरायला नको. पण त्याच कारणाने प्रत्येक प्राण्याशेजारी पिल्लू बसवायचा आग्रहही नको.

पिल्लाऐवजी मी शेण ठेवलं आहे. तेही वरोऱ्याच्याच बाजूचं. तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे डायनासोरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनच्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत निदान पाच प्रकारच्या गवतांचे, गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे बारीक कण निघाले. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. तोपर्यंत डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, असं बहुतेक मानलं जाई. मेरी ॲनिंगची गोष्टही अशीच आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर लाइम रेजिस गावात जीवाश्म खोदून विकणारी ही गरीब घरातली बाई, १७९९ ते १८४७ हा तिचा काळ. १८२३ साली तिने प्लेसिओसॉर या सागरी प्राण्याचा पहिला संपूर्ण सांगाडा शोधला. लोक ज्यांना नुसते दगड समजत होते ते प्राण्यांच्या पोटाच्या जागी सापडतात आणि फोडले तर आत माशांची हाडं असतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. पुढे विल्यम बकलंड या प्राध्यापकांनी ते शेण असल्याचं मांडून त्याला शास्त्रीय नाव दिलं. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने बायकांना सदस्य करून घेतलं ते १९१९ साली, ती गेल्यावर ७२ वर्षांनी.

शेणात जन्म गेला असं म्हणणाऱ्या कितीतरी बायका आपल्या शिबिरांत येतात. त्यांना ही गोष्ट सांगितली की त्या पुढे सरकून बसतात. पण बघा, मीसुद्धा लगेच शिबिराचा विषय केला की नाही?

तर उपयोग. आपल्या पिढीने तो प्रश्न हौसेने विचारलेला नाही. बाईचा वेळ हा घरच्यांच्या मालकीचा मानला जात होता, अजून मानला जातो. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. उरलेल्यातून जो काही तास ओढून काढला, तो संघटनेला, शिक्षणाला, कमाईला लागावा, असं आपण म्हटलं. भरतकाम, रांगोळी, पेंटिंग यांत बाईला गुंतवून ठेवण्याचा डाव आपण ओळखला होता, आणि तो खराच होता. पण त्यातून आपणही एक पहारा बसवला. बाई काही शिकते आहे असं दिसलं की आपण विचारतो, यातून उत्पन्न काय? सक्षमीकरण होईल का? अहवालात कुठल्या रकान्यात घालायचं?

रकान्यावरून आठवलं. मी ज्या कौटुंबिक सल्ला केंद्रात काम केलं, तिथला नोंदणीचा फॉर्म मीच तयार केला होता. शिक्षण, लग्नाचं वय, मुलं, उत्पन्न, येणारी कामं, माहेरचा आधार. 'आवड' हा रकाना नव्हता. एकदा एक बाई फॉर्म भरून झाल्यावर म्हणाली, "ताई, मला वाजवता येतं." काय वाजवता येतं ते मी विचारलं नाही. कौशल्याच्या रकान्यात 'शिवण येते' असं लिहून पुढची बाई बोलावली. शिवण तिला यायचीच, आधीच विचारून झालं होतं. ती परत आली नाही. ती काय वाजवत असेल, हे माती मळताना आजही माझ्या मनात येतं.

दुसरं प्रकरण कोर्टातलं. जुन्या कलम १२५ खाली पोटगीचा दावा होता. बाई माहेरी राहून कागदाच्या पट्ट्यांची फुलं करायची, भिंतीवर लावायची, मन रमवायला. नवऱ्याच्या वकिलांनी त्या भिंतीचा फोटो न्यायाधीशांपुढे ठेवला, हिचा व्यवसाय आहे, हिला पोटगी कशाला. आम्ही हिरिरीने बाजू मांडली, एक रुपयासुद्धा मिळत नाही हे सिद्ध केलं. बाहेर आल्यावर आमच्यातलीच एक तिला म्हणाली, "खरंच विकत का नाहीस? चार पैसे मिळतील." म्हणजे कोर्टात विकते म्हणून गुन्हा आणि बाहेर विकत नाही म्हणून दोष. ती बिचारी आमच्याकडे बघत राहिली. ती फुलं निव्वळ तिची आहेत, असं कोर्टात किंवा कोर्टाबाहेर म्हणणारं तिला कोणी भेटलंच नाही. मीही म्हटलं नाही.

माझ्यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. एक, हे प्लॅस्टिक आहे. आहे, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. शाडू हवा असेल त्यांनी जरूर शाडू घ्यावा, मी पुढे घेणारही आहे. दोन, एका छोट्या वडीच्या पैशात घरातली दोन दिवसांची भाजी येते, तेव्हा ही चैन कोणाला परवडणार? आक्षेप बरोबर आहे. पण ज्या बाईला परवडत नाही, तिला आवडही नसते असं गृहीत धरून आपण तिच्यासाठी कार्यक्रम आखतो, ते बरोबर आहे का? नदीकाठची माती फुकट आहे. कमी आहे ती फुरसत, आणि कोणी न विचारण्याची सवलत.

फुरसतीबद्दल एक. सुरुवातीला मला या मातीचं फार कौतुक वाटे, कारण ती वाळत नाही. भाजेपर्यंत आठवडा गेला तरी मऊ. कुकरची शिट्टी झाली, फोन आला, कोणी दारात आलं, की ताटलीने झाकून उठायचं आणि चार दिवसांनी पुन्हा त्याच सुरकुतीपासून सुरू करायचं. मी सगळ्यांना सांगत सुटले, बायकांसाठीच केल्यासारखी माती आहे! मग एक दिवस लक्षात आलं की मी माझ्या तुटक वेळेचंच गुणगान करते आहे. चार दिवसांनी का? त्याच दिवशी दोन तास सलग का नाहीत? तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार दुपारी दोन ते चार दार लावून बसते. घरच्यांना ते अजून पटलेलं नाही, दारावर टकटक होतेच. परवा यजमानांनी दाराबाहेरून विचारलं, "मीठ कुठे आहे?" मीठ गेली एकतीस वर्षं एकाच डब्यात आहे.

पुढच्या निवासी शिबिरात एक दुपार मोकळी ठेवा, असं मी गटाच्या बैठकीत सुचवलं. ज्या बाईला जे करावंसं वाटेल ते तिने करावं, काही न करावंसं वाटलं तर झोपावं, नंतर गटचर्चा नाही, 'आज आपण काय शिकलो' असं विचारायचं नाही. सूचना मान्य झाली. इतिवृत्त हातात आलं तेव्हा त्यात लिहिलेलं होतं: 'दुपारी २ ते ५, हस्तकला प्रशिक्षण (उत्पन्नाच्या संधी).' मी ते खोडून द्यायला सांगितलं आहे. अजून भांडण चालू आहे. ताई या वेळी माझ्या बाजूने आहेत की नाहीत, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही, पण गेल्या खेपेला त्यांनी प्राण्याची मान पुन्हा नीट न्याहाळली आणि "याची कवटी खरंच नाही सापडली?" असं विचारलं.

शेपटी परवा तिसऱ्यांदा तुटली. पातळ टोक नाजूक राहतं, तार अगदी टोकापर्यंत न्यायला हवी होती. आता नवीन प्राणी मुळापासून सुरू केला आहे, या वेळी थोडा मोठा. पुढच्या महिन्यात वरोऱ्याला आपली विभागीय बैठक आहे. ती संपल्यावर मी एक दिवस जास्त राहून डोंगरगाव आणि पिसदुऱ्याला जाणार आहे. दगड उचलून आणायचे नाहीत, जिथले तिथे राहू द्यायचे. कोणी बरोबर येणार असेल तर कळवा. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा, आणि त्या दिवसाचा अहवाल लिहायचा नाही.